मांड पक्की, मनगट मोकळं

साताऱ्याहून पुण्याकडे येताना खंबाटकी मागे टाकून चहाला थांबलो, आणि हेल्मेटचं बकल सुटेना. बकल ठीक होतं, बोटंच ऐकत नव्हती. उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पार बधिर झालं होतं, तळहाताच्या टाचेशी आग होत होती, मान खांद्यांत रुतल्यासारखी झाली होती. शेवटी टपरीवरच्या पोरानं बकल काढून दिलं. पाच-सात मिनिटं हात झटकल्यावर मुंग्या आल्या आणि मग हळूहळू बोटं ताळ्यावर आली. तास-सव्वा तासाचा प्रवास, दीडशे सीसीची बाइक, रस्ता चांगला. शेजारी दोन तरुण तशाच बाइक घेऊन उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "काका, स्पोर्ट बाइक म्हटलं की एवढं चालायचंच."

हे 'चालायचंच' मला तेव्हाही पटलं नाही आणि आज, इतक्या वर्षांनी आणि इतक्या बाइक चालवून झाल्यावर, अजिबात पटत नाही. ज्या हाताला बकल काढता येत नाही, त्याच हाताच्या बोटांवर पुढचा ब्रेक असतो. स्पोर्ट बाइकवर बसण्याच्या त्रासाकडे आपण चैनीचा प्रश्न म्हणून बघतो. जरा दिसायला, जरा वेगाला भुललेल्या पोराला अंगदुखी व्हायचीच, असा सूर असतो. प्रत्यक्षात हा गाडी ताब्यात राहण्याचा प्रश्न आहे. या त्रासाचा मोठा भाग टाळता येण्यासारखाही आहे. त्यासाठी ही बैठक आली कुठून, ती कशावर उभी आहे आणि आपल्या रस्त्यांवर तिचं काय होतं, हे एकदा नीट बघायला हवं.

बैठक आली वाऱ्यातून. १३ सप्टेंबर १९४८ रोजी अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉली फ्री नावाच्या स्वाराने व्हिन्सेंट कंपनीच्या बाइकवर ताशी १५० मैलांचा, म्हणजे सुमारे २४१ किलोमीटरचा, पल्ला ओलांडला. आधीच्या प्रयत्नात वाऱ्यानं त्याचे कातडी कपडे फाटले होते. तेव्हा त्यानं ते उतरवले आणि पोहण्याची चड्डी, टोपी आणि बूट एवढ्यावर तो बाइकवर पालथा झोपला, पाय मागे सरळ ताणून. त्या क्षणाचं छायाचित्र जगभर गाजलं. स्पोर्ट बाइकच्या बैठकीचं ते टोकाचं रूप. माणसाचं धड हीच बाइकवरची वाऱ्याला अडवणारी सर्वांत मोठी वस्तू आहे, तेव्हा धड आडवं करा, एवढाच त्यामागचा विचार. पण त्या वेगाला एक मैल जायला साधारण २४ सेकंद लागतात. चोवीस सेकंदांसाठी शोधलेली ती बैठक आज आपण कात्रज ते स्वारगेटच्या गर्दीत पाऊण तास वापरतो.

शर्यतीच्या मैदानावर ही बैठक रुळली. हँडलचा एक सलग दांडा काढून टाकून पुढच्या शॉकअपच्या दोन नळ्यांवर दोन वेगळे तुकडे आवळायचे, म्हणजे क्लिप-ऑन. आणि पायाचे फुटरेस्ट मागे आणि वर न्यायचे, म्हणजे वळणावर ते रस्त्याला घासत नाहीत. लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी जमणाऱ्या पोरांनी साठच्या दशकात हेच तुकडे आपल्या रोजच्या बाइकना लावले आणि 'कॅफे रेसर' ही जात जन्मली. वाऱ्याची चादर, म्हणजे फेअरिंग, शर्यतीत त्याआधीच आली होती. पुढचं चाक पूर्ण झाकणारी फेअरिंग आडव्या वाऱ्यात धोकादायक ठरते म्हणून १९५७ च्या हंगामानंतर तिच्यावर बंदी आली. चाक उघडं ठेवणारं रूप उरलं, तेच आजचं. कारखान्यातून थेट बाहेर पडलेली शर्यतीची बाइक सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहिली ती मुख्यतः १९८५ च्या सुझुकी जीएसएक्स-आर ७५० पासून. १९९२ ची होंडा फायरब्लेड आणि १९९८ ची यामाहा आर१ यांनी वजन उतरवत, बांधा आटोपशीर करत तो साचा पक्का केला.

आता या बैठकीचं गणित. कुठल्याही बाइकवर माणूस तीन जागी टेकतो: हातांची मूठ, बूड आणि तळपाय. या तीन टोकांचा त्रिकोण कसा आहे यावर सगळं ठरतं. साध्या प्रवासी बाइकवर मुठी उंच आणि जवळ, पाय थेट खाली, त्यामुळे धड जवळजवळ ताठ. स्पोर्ट बाइकवर मुठी सीटच्या पातळीच्या जरा वर आणि पुढे, पाय मागे दुमडलेले. धड पुढे कलतं, आणि कललेलं धड कशानं तरी धरून ठेवावं लागतं. धरायला तीन गोष्टी आहेत: पाठीचे आणि पोटाचे स्नायू, हात, किंवा वारा.

वारा हा शब्द मी मुद्दाम धरला आहे, कारण बहुतेकांच्या ध्यानात तो येत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, वेग दुप्पट तर दाब चौपट. ढोबळ हिशेब केला तर उघड्या छातीवर ताशी १०० किलोमीटरला अठरा-वीस किलोचा रेटा येतो. ८० ला तो बाराच्या आसपास उतरतो आणि ४० ला जेमतेम तीन किलो उरतो. स्पोर्ट बाइकच्या काचेमुळे यातला बराच भाग वरून निघून जातो, पण जोरात जाताना काचेवरून येणारा वारा छातीखाली एखाद्या हातासारखा येतो आणि धड उचलून धरतो. म्हणून मैदानावर या बाइक चालवणारा माणूस सांगतो की वेगात ती आरामाची वाटते. तो खरंच सांगतो. वेग उतरला की तो हात काढून घेतला जातो आणि सगळं ओझं मनगटांवर पडतं.

आपल्याकडे वेग उतरलेलाच असतो. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर दुचाकीची कमाल मर्यादा ताशी ८० आहे, शहरात ६०. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला प्रवेशच नाही. मुंबईकडे निघालेली बाइक जुन्या रस्त्यानं, लोणावळा-खंडाळ्याच्या गर्दीतून, ट्रकच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये घाट उतरते. घाट उतरताना तर त्रिकोण आणखी पुढे झुकतो, आधीच पुढे कललेलं धड उताराच्या कोनानं आणखी कलतं. बोरघाटाच्या उतारावर दहा मिनिटं क्लच दाबत गेलेल्या माणसाला मनगट कुठे दुखतं हे सांगावं लागत नाही. ज्या वेगासाठी हा त्रिकोण आखला, त्या वेगाचा रस्ता आपल्याजवळ नाही आणि कायद्यानंही नाही. या बाइकवरच्या त्रासाचं मूळ मला इथे दिसतं, माणसाच्या कमकुवतपणात दिसत नाही.

याचा अर्थ या बाइक इथे विकू नयेत असा मी काढत नाही. मला त्या आवडतात. वळणावर त्यांचं पुढचं चाक ज्या विश्वासानं रस्ता धरतं तो विश्वास ताठ बसवणाऱ्या बाइकवर सहसा मिळत नाही, आणि तोही याच बैठकीचा गुण आहे: धड पुढे म्हणजे वजन पुढच्या चाकावर. ताम्हिणीत पावसाळ्यानंतरच्या कोरड्या रस्त्यावर एक सकाळ अशी बाइक चालवून बघितली की हे कळतं. प्रश्न आहे तो प्रमाणाचा, किती कलायचं याचा.

या प्रमाणाची गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या बाजारात मोठी ओढाताण झाली आणि ती एकाच बाइकच्या पिढ्यांतून वाचता येते. यामाहाची आर१५ भारतात २००८ साली आली. मोठ्या बाइकचा बांधा दीडशे सीसीत आणणारी ती इथली पहिली गाजलेली बाइक. सीटची उंची ७९० मिलिमीटर, सीट सलग, बैठक पुढे कललेली पण बऱ्यापैकी सोसवणारी. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत सीट दोन तुकड्यांची झाली, मागचा तुकडा उंच चढला आणि रुंदीला आटला. पोरं खूश, मागे बसणारे हैराण. २०१५ मध्ये कंपनीनं सलग सीटची वेगळी आर१५ एस काढली. मग २०१८ ची तिसरी आवृत्ती आली ती पुन्हा शर्यतीकडे झुकलेली: हँडल खाली, सीट ८१५ मिलिमीटरवर. आणि २०२१ च्या अखेरीस त्याच तिसऱ्या आवृत्तीची पुन्हा सलग सीटची एस निघाली. एकाच बाइकच्या बाबतीत दोनदा मागे फिरावं लागलं. दिसण्याच्या मागणीनं त्रिकोण ताणला आणि घरातल्या मागणीनं तो परत सैल केला.

इतरांनी वेगळे रस्ते धरले. चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या केटीएमच्या आरसी बाइक २०१४ मध्ये आल्या तेव्हा त्यांची बैठक इथल्या सगळ्यांत कडक बैठकींपैकी होती. २०२२ च्या नव्या आरसीत ती सोसवेल अशी केली. कावासाकीच्या निन्जा २५० आणि ३०० यांनी क्लिप-ऑन वर उचलून लावले आणि ताठपणा जरा राखला. टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० डिसेंबर २०१७ मध्ये आली ती दिसायला तिखट पण बसायला मवाळ. २०२१ पासून कंपनीनं गिऱ्हाइकाला मागणीप्रमाणे बाइक बांधून द्यायला सुरुवात केली आणि त्यात खाली झुकलेलं हँडल व उंच फुटरेस्ट हा वेगळा संच ठेवला. मला ही कल्पना सगळ्यांत प्रामाणिक वाटते. बाइक एक, बैठका दोन, ज्याला जी हवी त्यानं ती सांगून घ्यावी. बारामतीत तयार होणाऱ्या एप्रिलिया आरएस ४५७ मध्येही हँडल शॉकअपच्या नळ्या धरणाऱ्या वरच्या पट्टीच्या वर घेतलेलं आहे आणि सीट ८०० मिलिमीटरवर आहे. चाकण आणि बारामती, दोन्हीकडून अशा बाइक बाहेरच्या देशांतही जातात. म्हणजे या त्रिकोणाच्या निर्णयात आता आपल्याही भागाचा हात आहे.

बैठकीनं किती फरक पडतो हे स्वच्छ बघायचं असेल तर रॉयल एनफिल्डच्या २०१८ च्या दोन जुळ्या बाइक बघाव्यात, इंटरसेप्टर ६५० आणि कॉन्टिनेन्टल जीटी ६५०. इंजिन तेच, ६४८ सीसीचं. सांगाडा तोच. बदल आहे तो हँडल, फुटरेस्ट, टाकी आणि सीटमध्ये. एकीवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा, दुसरीवर टाकीवर ओणवा. एकाच दिवशी एकाच रस्त्यावर दोन्ही चालवून बघितल्या तेव्हा पहिलीवरून उतरल्यावर मला भूक लागली होती आणि दुसरीवरून उतरल्यावर आडवं व्हावंसं वाटलं. यंत्रात फरक काहीच नव्हता.

आता शरीराकडे येऊ. मनगटातून तळहाताकडे दोन मुख्य नसा जातात. एक मधून, हाडांच्या अरुंद बोगद्यातून. ती अंगठा, पहिली दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू सांभाळते. दुसरी करंगळीच्या बाजूनं, तळहाताच्या टाचेवरून. ती करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू. तळहाताच्या टाचेवर शरीराचं ओझं टाकून मनगट मागे मोडून धरलं की या नसा दबतात. माझी करंगळी बधिर झाली ती दुसऱ्या नसेमुळे. कुठलं बोट बधिर होतं यावरून हात कुठे चुकतोय हे कळतं, म्हणून थांबाल तेव्हा ते नीट बघावं. आणि बाइकवरून उतरल्यावरही, रात्री झोपेत, बधिरपणा येत असेल तर त्यावर हातमोजे बदलून भागणार नाही, डॉक्टरकडे जायला हवं.

मानेचं दुखणं वेगळं. धड पुढे वाकलेलं आणि नजर समोर, म्हणजे मान मागे मोडून धरावी लागते, वर दीड किलोच्या आसपास हेल्मेट. कंबरेचं आणखी वेगळं. बहुतेक लोक पाठीतून वाकतात, पोक काढून, तेव्हा कण्याच्या चकत्यांवर पुढून दाब येतो. वाकायचं ते खुब्यातून, पाठ लांब ठेवून, जसं जमिनीवरचं ओझं उचलताना सांगतात तसं. गुडघ्याची तक्रार उंच माणसांची, त्यांचा पाय फार दुमडतो. बुटक्यांची तक्रार ती नसते, त्यांची टाचेची असते, जमिनीला टेकत नाही ही.

या सगळ्यावरचा सगळ्यांत मोठा उपाय आपल्या भाषेत आधीपासून आहे. घोड्यावर बसणाऱ्याबद्दल आपण 'मांड पक्की' म्हणतो. मांड म्हणजे मांड्यांची पकड. स्वार खोगिरावर मांड्यांनी आणि रिकिबीतल्या पायांनी स्वतःला बसवतो, आणि हातातला लगाम हलका ठेवतो. लगामाला लटकणारा स्वार घोड्याचं तोंडही दुखवतो आणि स्वतः पडतोही. स्पोर्ट बाइकची टाकी कमरेशी आत गेलेली आणि पुढे फुगलेली असते ती गुडघे त्या खोलगटात बसावेत म्हणून. फुटरेस्ट मागे असतात ते पायांवर जोर देऊन बूड हलकं करता यावं म्हणून. हे दोन्ही वापरलं तर हातांकडे फक्त वळवायचं, पिळायचं आणि दाबायचं काम उरतं. कोपर जरा वाकलेलं, खांदे सैल, बोटं लिव्हरवर अलगद. मी खंबाटकी उतरलो तेव्हा माझे गुडघे वाऱ्यावर फाकलेले होते आणि कोपरं ताठ होती. म्हणजे मी लगामाला लटकलो होतो.

ब्रेक मारताना हे जास्त कळतं. चांगल्या कोरड्या रस्त्यावर जरा जोरात ब्रेक लावला तर माणसाच्या वजनाच्या निम्मा जोर त्याला पुढे ढकलतो. ६५ किलोच्या माणसाला तीस-बत्तीस किलोचा धक्का. तो एक तर मांड्यांनी टाकीवर घ्यायचा, नाही तर मनगटांनी हँडलवर. हँडलवर घेतला की बाइक वळायला नकार देते, कारण दोन्ही हात तिला सरळ दाबून धरतात. मग माणूस घाबरतो आणि आणखी ताठ होतो.

ही गोष्ट फक्त नवख्यांची नाही, हे मला सगळ्यांत पटलं ते मोटोजीपीतल्या एका प्रसंगानं. होर्हे लोरेन्झो हा त्या वर्गातला तीन वेळचा विश्वविजेता, २०१७ मध्ये डुकाटीकडे आला. सव्वा हंगाम त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. डुकाटीची बाइक ब्रेकवर जिंकते, आणि ब्रेक मारताना त्याला टाकीवर पुरेसा आधार मिळत नव्हता; सगळं हातांवर येत होतं आणि शर्यतीच्या उत्तरार्धात हात थकून तो मागे पडत होता. तो हे वारंवार सांगत होता. २०१८ च्या इटलीतल्या मुजेलोच्या शर्यतीआधी टाकीच्या आकारात भर घालून त्याला तो आधार दिला गेला. ३ जूनला मुजेलोत तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पुढे राहून जिंकला, मग बार्सिलोनात जिंकला, ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात जिंकला. इंजिन नव्हे, टायर नव्हे, टाकीवरचा एक उंचवटा. तोवर त्याचा पुढच्या वर्षीचा करार दुसरीकडे ठरत आला होता. जगातल्या सर्वोत्तम स्वारांपैकी एकाला, सर्वोत्तम अभियंते हाताशी असताना, बसायची नीट जागा मिळायला दीड वर्ष लागलं. मग शोरूममधून नवी बाइक घेऊन निघालेल्या आपल्या पोरानं त्रास होतो म्हटलं तर त्याला नाजूक ठरवू नये.

आता हाताशी असलेल्या गोष्टी. त्या टपरीच्या प्रसंगानंतर काही दिवसांनी मी पुण्यात एका मिस्त्रींकडे गेलो. मला वाटलं होतं ते हँडल उंच करायचा तुकडा लावून देतील. त्यांनी मला बाइकवर बसवलं, बाइक सरळ धरली आणि डोळे मिटायला सांगितले. "आता हात जिथे सहज जातात तिथे ठेवा." मी ठेवले. डोळे उघडल्यावर दिसलं, माझी बोटं ब्रेक आणि क्लच लिव्हरच्या बरीच खाली होती. कारखान्यातून आलेले लिव्हर जवळजवळ आडवे होते, आणि ते पकडायला मी दर वेळी मनगट मागे मोडत होतो. मिस्त्रींनी दोन्ही लिव्हरचे बोल्ट सैल केले, लिव्हर खाली फिरवले, माझ्या कोपरापासून बोटापर्यंत एक सरळ रेष येईपर्यंत. मग क्लचची केबल जराशी सैल केली. मग खाली बसून गिअरचा लिव्हर पाहिला आणि माझ्या बुटाच्या जाडीच्या हिशेबानं तो एक दात वर घेतला. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, एक पाना आणि एक ॲलन की. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. निघताना म्हणाले, "नव्या गाडीचं पहिलं सर्व्हिसिंग ऑइलचं करतात. बसायचं कुणी करत नाही."

त्या दिवसानंतर बधिरपणा निम्म्याहून खाली आला. उरलेला मांड सुधारल्यावर गेला. हँडल उंच करायचे तुकडे बाजारात मिळतात आणि काही जणांना त्यांची गरज पडतेही, पण ते लावताना केबल आणि ब्रेकची नळी ताणली जात नाही ना, हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला घासत नाही ना, हे बघितल्याशिवाय लावू नयेत. मागच्या शॉकअपची स्प्रिंग स्वाराच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट करता येते. आपण बसल्यावर मागची बाजू तीसेक मिलिमीटर खाली बसावी. मागची बाजू फार वर राहिली तर धड आणखी पुढे घसरतं. सीटचा उतार पुढे असेल तर घसरण्याचा हाच त्रास होतो, आणि तो मऊ गादीनं वाढतो. फोम थोडा कडक आणि सपाट हवा. टायरमधली हवा ठरल्याप्रमाणे हवी, हे सांगायची गरज नसावी, पण पंपावर उभं राहून बघितलं तर गरज आहे असंच वाटतं.

कंप हा निराळा विषय. एका सिलिंडरच्या इंजिनाची थरथर हँडलातून तासन्‌तास हातात उतरते. जपानमध्ये मोटारसायकलवरच्या वाहतूक पोलिसांच्या हातांवर याचा अभ्यास झाला आहे. २०२१ मध्ये ॲपलनं आपले फोन ताकदवान मोटारसायकलच्या हँडलवर लावू नका असं जाहीर सांगितलं, कॅमेऱ्यातली नाजूक यंत्रणा या कंपानं बिघडते म्हणून. फोनची काळजी जाहीर झाली. त्याच हँडलवर हातही असतो. घट्ट मूठ कंप जास्त पिते, हलकी मूठ कमी. पुन्हा मांडेवर येऊन थांबतो आपण.

आवाजही शरीर थकवतो. ताशी १०० ला हेल्मेटच्या आत वाऱ्याचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो, आणि अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेच्या निकषात १०० डेसिबल दिवसाला फक्त १५ मिनिटं चालतात. लांबच्या प्रवासात मी फोमचे बोळे कानात घालतो. हॉर्न ऐकू येतो, सुसाट वारा येत नाही, आणि संध्याकाळी डोकं शांत राहतं. उन्हाळ्यात फेअरिंगमधून मांडीवर येणारी गरम हवा ही आणखी एक गोष्ट, सिग्नलला ती असह्य होते. तिच्यावर इलाज फार नाही, जाड पँट आणि सकाळी लवकर निघणं.

राहिला प्रश्न कोणाच्या मापाचा. बाइकच्या पुस्तिकेत सीटची उंची छापलेली असते, पण पाय टेकेल की नाही हे सीटच्या पुढच्या भागाच्या रुंदीवरही ठरतं. ८१५ ची निमुळती सीट ७९० च्या रुंद सीटपेक्षा जमिनीच्या जवळ वाटू शकते. भारतीय शरीराच्या मापांचं देबकुमार चक्रवर्ती यांचं पुस्तक अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं १९९७ मध्ये काढलं. पुण्यात वाहनांच्या चाचण्यांची संस्था आहे, चाकणला कारखाने आहेत. साधनं आहेत. तरी अनेक बाइकवर ब्रेक लिव्हरचं अंतर बोटांच्या लांबीप्रमाणे कमी-जास्त करायची सोय नसते, आणि लहान हाताच्या बाईला, पोरीला दोन बोटांनी लिव्हर गाठता येत नाही. आता मुली या बाइक मोठ्या संख्येनं चालवतात. पुण्याच्या रस्त्यावर सकाळी कॉलेजच्या वेळेला उभं राहून बघावं. लिव्हरवर एक छोटा फिरता आकडा असणं ही महाग गोष्ट नाही, आणि ती महागड्या बाइकपुरती ठेवण्याचं कारण मला दिसत नाही.

आणि शेवटी मागची सीट, जिच्याबद्दल मला सगळ्यांत जास्त राग येतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ वा नियम स्पष्ट आहे: मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला कायमची हाताची पकड हवी, फुटरेस्ट हवा, आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं. हा नियम साडी, ओढणी आणि जीव यांचा विचार करून लिहिलेला आहे. स्पोर्ट बाइकवर तो कागदावर पाळला जातो. पकड म्हणजे सीटखालची बोटभर खाच. फुटरेस्ट इतके उंच की गुडघे छातीशी येतात. आवरण तर बाइक घरी आली की पहिल्या आठवड्यात काढून माळ्यावर टाकतात, दिसायला बरं नाही म्हणून. मागे बसलेलं माणूस पुढच्यापेक्षा वीतभर उंच, धरायला काही नाही, ब्रेक लागला की त्याचं सगळं वजन पुढच्याच्या पाठीवर. आणि ते वजन पुन्हा पुढच्याच्या मनगटांवर उतरतं. म्हणजे मागच्याची गैरसोय ही पुढच्याचीही गैरसोय आहे, आणि दोघांचाही धोका.

माझ्या आईला एकदा मी त्या बाइकवरून दवाखान्यात नेलं होतं. तीन किलोमीटर. ती एका बाजूला बसायची, ते शक्यच नव्हतं. दोन्हीकडे पाय टाकून बसली, नऊवारीतच. सगळा रस्ता तिनं माझे दोन्ही खांदे धरून ठेवले होते. दर गतिरोधकाला तिची बोटं रुतायची. उतरताना ती काही बोलली नाही, खांबाला धरून थोडा वेळ उभी राहिली. परतीला रिक्षा केली.

पुढच्या महिन्यात मी माळ्यावरचं आवरण खाली काढून परत लावलं, आणि बाजूनं धरता येईल अशी नळीची पकड एका फॅब्रिकेटरकडून बसवून घेतली. बाइक आधीसारखी दिसत नव्हती. आई नंतर दोनदा बसली, एक हात पकडीवर, एक माझ्या खांद्यावर.